एक काना

९ फेब्रुवारी

धावली! आठशे मीटर. शेवटून चौथी का होईना, पण पास. स्टॉपवॉच नवऱ्याच्या हातात होतं आणि ते त्याने सुरूच केलं नव्हतं. घरी येईपर्यंत बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

आमची लेक पोलिसात जायचं म्हणते. तिला घरात भागूबाई म्हणतात ते लाडाने नव्हे. पाल दिसली की ही खुर्चीवर चढते. वय वर्षं तेवीस. संध्याकाळी माझ्या भावाचा फोन: "भागूबाई आणि पोलीस? चोर आला तर कोण कोणाला धरणार?" मी म्हटलं, "चोराने सोबत पाल आणली नाही म्हणजे मिळवलं." फोन ठेवला आणि मग मलाही तोच प्रश्न पडला.

११ फेब्रुवारी

उंची मोजली. लागते त्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त भरली. नवऱ्याचं म्हणणं, हे त्याच्या घराण्याकडून आलं. त्याच्या घराण्याकडून आणखी काय काय आलंय त्याची यादी या वहीत आधीच आहे.

२ एप्रिल

लेखी परीक्षा जवळ आली. 'घटनेचा अहवाल लिहा' हा प्रश्न वीस गुणांना. इथे माझा संबंध येतो. मी दिवसा छापखान्यात प्रुफं तपासते आणि आठवड्यातून एकदा एका साप्ताहिकात लोकांची टिंगल करते. बावीस वर्षं. त्यातले सात लेख नुसत्या पोलिसी भाषेवर. त्या भाषेत कोणी काही करतच नाही. काठी लागते, गोळी सुटते, कागद गहाळ होतो. सगळं आपोआप!

भागूबाईने सरावाचा अहवाल दाखवला. "वादावादी होऊन खिडकीची काच फुटली."

"फुटली? कशाने, कंटाळून?"

"अगं, असंच लिहितात."

"कोणी फोडली?"

"भाडेकरूने."

"मग त्याला वाक्यात घे. भाडं भरतो ना तो?"

हसली. मग वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं — कर्ता लिही!

२३ मे

मुलाखत. तीन खुर्च्या, एक पंखा, मधल्या खुर्चीत चष्मेवाल्या मॅडम. प्रश्न ठरलेला: पोलिसात का यायचंय? बाकीच्यांनी सेवा, शिस्त, त्याग वगैरे सांगितलं. आमची म्हणाली, "पोलिसांकडे येतो तो माणूस घाबरलेला असतो. मला भीती ओळखता येते." मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं म्हणे.

नवरा डोक्याला हात लावून बसला. "भित्री आहे म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगून आलीस?"

मला उत्तर आवडलं. बोलले नाही. घरात कौतुकाची सवय लागली तर माझा धंदा बसायचा.

१४ जून

यादीत नाव आहे. नवऱ्याने तीनदा वाचलं. मी एकदाच — नाव बरोबर छापलंय की नाही तेवढं बघितलं.

खोटं. सातदा.

१९ ऑगस्ट

प्रशिक्षण केंद्रात भेटीचा दिवस. केस कापलेत, टाचांना फोड, आवाज बसलेला. कवायतीचा मास्तर तिला भागूबाईच म्हणतो. मी चिडले. "त्याला कोणी सांगितलं?" "मीच. दुसरं काहीतरी वाईट ठेवलं असतं." एवढी व्यवहारबुद्धी नक्कीच माझ्याकडून.

निघताना म्हणाली, "आई, खोलीत पाल निघाली. सगळ्या ओरडायला लागल्या. शेवटी मीच काढली, झाडूने."

"म्हणजे भीती गेली?"

"छे गं. काढताना मीही ओरडतच होते. पण काढली."

२ मार्च (नवी वही)

भागूबाई ठाण्यात रुजू. वर्षभर कच्ची नोकरी. नीट वागली तर पुढच्या मार्चमध्ये पक्की. गणवेश कमरेत ढगळ झालाय. शिंपी म्हणतो, "राहू द्या, ठाण्यात बसून बसून भरेल."

तिला एका जुन्या हवालदाराच्या हाताखाली दिलंय. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. नवीन आलेल्यांना तेच तयार करतात. पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं: रडत आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची, मग पाणी, कागद सगळ्यात शेवटी.

हा माणूस मला न बघताच आवडला. मला माणसं सहसा आवडत नाहीत, म्हणून नोंद करून ठेवते.

१० जुलै

हरवलेले आजोबा शोधून दिले आज तिने. आजोबांचं म्हणणं, आपण हरवलोच नव्हतो, घरच्यांपासून जरा लांब बसलो होतो.

२१ सप्टेंबर

भागूबाई दुपारीच घरी आली आणि बूट न काढता बसून राहिली.

चौकात किल्ल्या करून देतो तो कुलूपवाला — आमच्या दाराची दुसरी किल्ली त्याच्याच हातची — त्याचं यंत्र रस्त्यात येतं म्हणून ठाण्यात आणून ठेवलं होतं. ते मागायला तो आज चौथ्यांदा आला. गुरुजी सकाळपासून उभे, पाणीसुद्धा न पिता.

"उद्या ये."

"रोज उद्याच म्हणता, साहेब. उद्या म्हणजे कोणता वार?"

बाहेरच्या पायऱ्यांवर आवाज चढला. गुरुजींनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि ढकललं. पाच पायऱ्या. उजवं मनगट मोडलं. बघणारी एकटी आमची.

उद्या दहा वाजता तिने लेखी अहवाल द्यायचाय. ठाण्याचे मोठे साहेब तिला म्हणाले, "पाहिलंस ते लिही. विचार करून लिही." दोन वाक्यं. ऐकायचं असतं ते दुसरं.

"आणि गुरुजी?"

"त्यांनी मला खुर्ची दिली. मग पाणी आणून दिलं."

नवरा म्हणाला, "पडला म्हणून लिही. माणसं पडतात. पाच महिने राहिलेत पक्कं व्हायला, आणि तू तुझ्याच गुरूवर लिहिणार? नंतर त्या ठाण्यात तुला कोण उभं करेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सात लेखांची मालकीण गप्प.

२२ सप्टेंबर, सकाळी

"शुद्धलेखन बघ गं, तोवर अंघोळ उरकते." अहवाल माझ्या टेबलावर. एक पान, निळी शाई. मधलं वाक्य असं: "हवालदार यांनी सदर इसमास उद्या येण्यास सांगितले व सदर इसम पायऱ्यांवरून पाडला."

कर्ता आहे! जरा लांब उभा केलाय, अंग चोरून, पण आहे. पोरीने लिहिलं.

पाडला. पडला. मध्ये फक्त एक काना. काडीएवढी उभी दांडी. गंमत म्हणजे ती काढली तरी वाक्य लंगडत नाही. हवालदार सांगतात, इसम पडतो. दोघं आपापलं काम करतात, कोणाचा कोणाशी संबंध नाही.

छापखान्यात पूर्वी शाई खरवडायला अर्धं ब्लेड असायचं. ते अजून माझ्या पेनांच्या डब्यात आहे. ते हाती आलं. आत नळ चालू होता. काना निघाला. कागदावर लव उठली, ती नखाने घासली गेली. शिरोरेघ तशीच राहिली. प आणि ड यांच्यात थोडी मोकळी जागा, घाईत लिहिणाऱ्याची असते तेवढी. काम स्वच्छ झालं.

ती केस पुसत बाहेर आली. "चुका?"

"शुद्धलेखन ठीक आहे."

न वाचताच घडी घालून घेऊन गेली. मी तपासलेलं ती पुन्हा वाचत नाही. शाळेपासून.

२३ सप्टेंबर

साप्ताहिकाला लेख पाठवला. विषय: हवामान.

३० सप्टेंबर

भागूबाई गोंधळलेली. "आई, मला वाटलं होतं गुरुजी तोंड फिरवतील. आज म्हणाले, 'पोरी, उपकार झाले.' कसले उपकार? मी तर लिहिलंय सगळं."

"माणूस मोठ्या मनाचा असेल," मी म्हटलं. भांडी लावत होते, त्यामुळे पाठ तिच्याकडे होती. भांडी फार कामाची.

दुपारी चौकात गेले. जाणार नव्हते. कुलूपवाल्याच्या जागी त्याची बायको बसलेली. किल्ल्या होत नाहीत, तयार कुलपं विकते. म्हणाली, "हाड जुळतंय, पण कानस धरवत नाही हातात. पोलीस म्हणतात, पडला. बाई, तुम्ही सांगा, अडखळून पडणारा माणूस उताणा कसा पडेल? तो तर पायऱ्या चढत होता!"

मी एक कुलूप घेतलं. घरात आता एक कुलूप जास्त आहे. लावायला दार नाही.

४ ऑक्टोबर

कुलूपवाल्याने वर तक्रार केलीय. चौकशी लागणार. नवरा म्हणतो, "काळजी नको, आपला कागद स्वच्छ आहे." मला जेवण गेलं नाही.

१७ ऑक्टोबर

चौकशीला त्याच मुलाखतीतल्या चष्मेवाल्या मॅडम आल्या. त्यांनी भागूबाईचा अहवाल मोठ्याने वाचला. 'पडला'पाशी थांबल्या. कागद खिडकीच्या उजेडात धरला, बोट फिरवलं आणि तिच्यापुढे ठेवला. "इथे काय होतं?"

भागूबाईने तो कागद त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा पाहिला.

हे सगळं ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बापाला सांगत होती. मी आत, चार हातांवर.

"म्हटलं, काना होता, मॅडम. शब्द 'पाडला' असा आहे. गुरुजींनी ढकललं, मी पाहिलं."

"बरं, मग?"

"मग त्यांनी विचारलं, खोडला कोणी?"

"काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मीच. भीती वाटली म्हणून."

नवरा उसळला. "अगं, पण खोडलास कशाला? लिहिलं होतंस ना एकदा!"

तिने टोपी काढून खुंटीला अडकवली. नंतर म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, खरं लिहिल्याबद्दल कोणी नोकरीवरून काढलं नसतं. सरकारी कागदावर ब्लेड चालवल्याबद्दल काढतील. सोमवारी निर्णय." मग पाणी पिऊन आपल्या खोलीत गेली. इकडे एकदाही पाहिलं नाही.

माझ्या टेबलावर पेनांचा डबा उघडा आहे. अर्धं ब्लेड कागदाच्या कपट्यात नीट गुंडाळून वर ठेवलंय. हात कापू नये म्हणून.

१८ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. २२ सप्टेंबर: "ते हाती आलं. काना निघाला. लव घासली गेली. काम स्वच्छ झालं."

वा! आपोआप. हा आठवा लेख.

१९ ऑक्टोबर

गुरुजी घरी येऊन गेले. बसले नाहीत. भागूबाईला म्हणाले, "मी आज लिहून दिलं, ढकललं म्हणून. तू शाळकरी पोरीसारखी माझ्यासाठी खोडत बसलीस, ते मला बघवलं नाही."

ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही, गुरुजी."

पुढे कोणासाठी ते त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मी चहा केला होता. तो तसाच राहिला.

२० ऑक्टोबर, सोमवार, सकाळी आठ

मॅडमच्या नावे अर्ज लिहिला. चार कागद फाडले. चारांतही काना आपोआप जात होता. पाचवा एका वाक्याचा: "मी, शिकाऊ पोलीस शिपाई हिची आई, हिच्या अहवालातला काना हिच्या नकळत ब्लेडने खोडला."

भागूबाईपुढे ठेवला. तिने दोनदा वाचला.

"शुद्धलेखन ठीक आहे," म्हणाली, आणि माझ्या चपला दाराकडे वळवून ठेवल्या.