एक खिळा, घुम्याच्या बिल्ल्यासाठी

मी, खाली सही करणारी, आधी अग्निशमन दलात पाईप धरणारी आणि नंतर त्याच दलाचं हेलिकॉप्टर चालवणारी, आता निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉक्टरीणबाईंनी काल मला तपासलं आणि बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला. रक्तदाब फार आहे, राग आवरा, असंही त्या म्हणाल्या. राग येणं म्हणजे डोकं फिरणं नव्हे, हेही दाखल्यात लिहा म्हटलं, तर त्यांनी हसून पेनाला टोपण लावलं. म्हणून ते मीच इथे लिहिते.

यापूर्वीचं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात मी माळावरची जमीन दलाला बिनशर्त देऊन टाकली होती. ती मेहेरबानी मी परत घेत आहे. गेल्या महिन्यात दलाने शिकाऊ जवानांच्या नव्या इमारतीला मोठ्या साहेबांचं नाव दिलं. मोठे साहेब म्हणजे माझ्या पाईपच्या दिवसांतले आमचे प्रमुख. ते स्वतः फीत कापायला हजर होते, आणि मला पहिल्या रांगेत बसवून टाळ्यांची अपेक्षा केली गेली. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि घरी येऊन हा कागद काढला.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे काही उरलं असेल ते, माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, द्यावं. न्हाणीघराचा नळ डावीकडे घट्ट दाबून फिरवला की गळत नाही. नळवाल्याला बोलावू नये, तो गळती वाढवून जातो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही भाचीनेच करावी, कारण आमच्या घरात शब्दाला जागणारी तेवढी एकच आहे.

कलम २. दादाला माझी घडीची शिडी मिळावी, दुसरं काहीही नाही. मी दलात भरती झाले तेव्हा बाईमाणूस शिडी चढलं की घराणं एक पायरी उतरतं, असं म्हणून या थोरल्या भावाने माझ्याशी अबोला धरला होता. पुढे हेलिकॉप्टरसमोरचा माझा फोटो पेपरात आला, तेव्हा हेच महाशय तो गल्लीभर दाखवत फिरले. शिडी मजबूत आहे. गुडघे परवानगी देत असतील तर एकदा चढून बघावं.

वहिनीला माझा लोकरीचा कोट द्यावा आणि माझे आभार कळवावेत. पायलटच्या परीक्षेच्या दिवसांत मी रात्रपाळी संपवून परस्पर तिच्याकडे जायचे, आणि दादाच्या नकळत ती मला मागच्या दाराशी जेवायला वाढायची. जेवताना एक शब्द विचारायची नाही. असं वाढणं सगळ्यांना जमत नाही.

कलम ३. माझे दोन पितळी बिल्ले. त्यातला एक माझा, एक घुम्याचा. हे कलम लांबणार आहे, वकिलांनी कंटाळू नये.

पाईपवर दोघं असतात. पुढचा फवाऱ्याचं तोंड धरतो, मागचा पाईपचा भार घेतो आणि एक हात पुढच्याच्या पाठीवर ठेवतो. आगीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून पाठीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे पुढे हो, दोन थापा म्हणजे मागे फीर. मी भरती झाले तेव्हा माझ्याबरोबर पाईप धरायला कोणी तयार नव्हतं. बाई मागे असली की पाठ उघडी पडते, असं एक जण तोंडावर म्हणाला. तेव्हा दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा, म्हणून ज्याला सगळे घुम्या म्हणायचे, तो कोपऱ्यातून उठला, पाईपचं पुढचं तोंड उचललं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. विषय संपला. त्यानंतरची सगळी वर्षं मी त्या पाठीशीच बोलले.

आता बिल्ल्याचं. आगीत शिरताना प्रत्येकाने आपला बिल्ला साहेबांच्या हातात द्यायचा, साहेबांनी तो फळीवर टांगायचा, परत आलं की आपला आपण मागून घ्यायचा. फळीवर बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस अजून आत आहे. इतकी साधी पद्धत आहे की ती मोडायला साहेबच व्हावं लागतं.

डोंगरउतारावरच्या जंगलाला आग लागली त्या दुपारी मोठ्या साहेबांनी स्वतः आम्हा दोघांना उताराच्या उजव्या अंगाला पाठवलं. बिल्ले हातात घेतले. तेवढ्यात पेपरवाले आले. साहेबांनी फोटोसाठी टोपी सरळ केली आणि बिल्ले फळीवर टांगायचे सोडून खिशात टाकले. आम्ही वर चढलो आणि साहेब आम्हाला विसरले. होय, विसरले. छत्री विसरावी तसे.

थोड्या वेळाने पाण्याची बादली लटकवलेलं हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावर आलं, फार खाली. हेलिकॉप्टर इतकं खाली आलं की पाण्याच्या आधी पात्यांचा वारा पोचतो, आणि वाऱ्याने आगीचं काय होतं हे चूल फुंकलेल्या कोणालाही माहीत आहे. वारा मानेला लागताच मी घुम्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मग मध्ये धूर आला, पाठोपाठ आग आली, आणि माझ्या हाताखालची पाठ गेली. तो वळला की नाही, हे मला दिसलं नाही.

मी एकटी खाली आले तेव्हा साहेबांनी खिशात हात घातला आणि दोन्ही बिल्ले माझ्या तळहातावर ठेवले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चौकशी बसेपर्यंत रंग परत आला.

चौकशीत साहेबांनी सांगितलं की त्यांनी आम्हा दोघांनाही मागे बोलावलं होतं, पुढचा जवान हट्टी, त्याने ऐकलं नाही. हेलिकॉप्टरच्या पायलटने सांगितलं की वरून उतारावर एकही माणूस दिसत नव्हता आणि दिसणं शक्यही नव्हतं. मी बिल्ले टेबलावर आपटले. साहेबांना आम्ही वर असल्याचं ठाऊक होतं, तर हे फळीवर का नव्हते, खिशात काय करत होते, असं विचारलं. बाई धक्क्यात आहेत, असं म्हणून मला पाणी दिलं गेलं. निकाल लागला, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. दलाच्या दारातल्या भिंतीवर कामी आलेल्या जवानांची नावं आहेत आणि प्रत्येक नावाखाली त्याचा बिल्ला खिळ्याने ठोकलेला आहे. घुम्याचं नाव तिथे नाही. त्याच्यानंतर गेलेल्यांची आहेत.

घुम्याची बायको शिवणकाम करते. तिने मला आयुष्यात एकदाच विचारलं, मशीनवरचा पाय न काढता.

"खरं सांग. तू थापा मारून बोलावलंस आणि तो आला नाही, असंच ना? घरात तरी कुणाचं ऐकायचा तो?"

मला दिसलं नाही, असं मी म्हटलं. साहेबांचं खोटं आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, तू त्याची बाजू घेणारच. तेव्हापासून ती त्याच्यावर चिडून आहे. मेलेल्या नवऱ्यावर चिडून राहणं फार वाईट, भांडायला समोर कोणी नसतं. ही एक गोष्ट मी मोठ्या साहेबांना कधीही माफ करणार नाही. माझी नोकरी, माझी झोप, यांचं मी बघून घेतलं असतं. तिचा नवरा त्यांनी दोनदा नेला.

कलम ४. माझे उडतानाचे हातमोजे आणि कानावरचा हेडफोन, उडायला शिकवणाऱ्या मास्तरांना, ते हयात असतील तर.

पाईप सोडून हेलिकॉप्टर कसं काय, असं सगळे विचारायचे. लहानपणापासून आकाशाची ओढ होती, असं मी मुलाखतींमध्ये ठोकून द्यायचे. लहानपणी मला झोपाळ्यावरसुद्धा मळमळायचं. मला फक्त त्या पायलटच्या खुर्चीत, त्या उंचीवर बसून, त्या उतारावर खाली बघायचं होतं. दिसणं शक्यच नव्हतं की होतं, तेवढं एकदा माझ्या डोळ्यांनी ठरवायचं होतं. त्यासाठी मी हेलिकॉप्टरच्या तळावर बदली मागून घेतली. बादलीचे दोर धुतले, पाती पुसली, दुसऱ्यांना पट्टे बांधून दिले. रात्री ड्युटी केली आणि सकाळी हवामानाचा आणि गणिताचा अभ्यास. गणितात नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. तळावरची पोरं मला मागून 'आजी पायलट' म्हणायची, तेव्हा मी चाळिशीचीही नव्हते.

मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले की तुमचे हात पाईप ओढणाऱ्याचे आहेत, इथे दांडा ओढायचा नसतो, नुसता मनात आणायचा असतो. एका जागी तरंगत राहायला मला कित्येक आठवडे लागले. ते यंत्र माझ्या हाताखाली दावं तोडलेल्या वासरासारखं हुंदडायचं. राग जमिनीवर ठेवून वर येत चला, असं मास्तर एकदा वैतागून म्हणाले. मी म्हटलं, मग वर यायला कारणच उरणार नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला जास्त वेळ शिकवलं.

परवाना मिळाला, दलाने नाइलाजाने घेतलं, आणि एका उन्हाळ्यात त्याच उताराला पुन्हा आग लागली. मी बादली भरून त्याच बाजूने, त्याच उंचीवर आले आणि खाली बघितलं. धूर होता, झाडं होती, आणि त्यांच्यामध्ये दोन पिवळी हेल्मेटं होती, एकामागे एक. मागच्याचा हात पुढच्याच्या पाठीवर होता. मला तो हातसुद्धा दिसला. मी हेलिकॉप्टर उंच घेतलं, लांबून वळसा मारला, पाणी पलीकडे टाकलं आणि तळावर उतरले.

तशीच जुन्या पायलटच्या घरी गेले. ते निवृत्त होऊन कुंड्यांना पाणी घालत होते, आणि तिथे मात्र पाणी अगदी नेमकं पडत होतं. मी आज तिथून खाली बघून आले, एवढंच म्हटलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"दिसले होते," ते म्हणाले. "मी वायरलेसवर विचारलं. साहेब म्हणाले, फळी रिकामी आहे, आपलं कोणी नाही, टाका. मी डोळ्यांपेक्षा साहेबांवर विश्वास ठेवला."

"आणि चौकशीत?"

"नोकरी होती, बाई."

ते आणखी काही सांगू पाहत होते. मी ऐकायला थांबले नाही, एक कुंडी फोडून निघून आले. त्या कुंडीची भरपाई माझ्या मालमत्तेतून करू नये. दलाला मी हे सगळं कळवलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे.

कलम ५. माळावरची जमीन. डोंगराच्या पायथ्याची ही सपाट जागा मी पगारातून घेतली. इतकी वर्षं दलाचं हेलिकॉप्टर तिथे फुकट उतरतं, कारण जवळपास दुसरी मोकळी जागा नाही. ती दलाच्या मालकीची व्हावी म्हणून सध्याचे प्रमुख मला दर सणासमारंभाला 'ताई, ताई' करतात. तर ऐका. माझ्या मृत्यूपासून एका वर्षाच्या आत घुम्याचं नाव दारातल्या भिंतीवर, इतरांच्या एवढ्याच अक्षरांत, लागलं पाहिजे. त्याखाली त्याचा बिल्ला ठोकला पाहिजे. आणि तो खिळा मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने ठोकला पाहिजे, ज्या हाताने त्यांनी तो बिल्ला खिशात टाकला त्याच हाताने. हात थरथरत असेल तर दुसऱ्याने खिळा धरावा, हातोडी त्यांचीच. हे झालं तर जमीन दलाची.

झालं नाही, तर जमीन घुम्याच्या बायकोची. तिने तिथे उंच वाढणारी झाडं लावावीत, कडेने खांब पुरावेत आणि आडव्या तारा ओढून कपडे वाळत घालावेत. पायलट आगीला तितकं भीत नाही जितकं तारेला भितो. म्हातारी सूडापायी सगळ्या गावाला वेठीला धरते, असं लोक म्हणतील. खुशाल म्हणावं. गावाला वाचवायला काय लागतं, तर एक खिळा.

कलम ६. माझा स्वतःचा बिल्ला भाचीने ठेवावा. तो भिंतीवर लावू नये, मी अंथरुणात मरणार आहे. अंत्यविधीला दलाची गाडी आणू नये, भोंगा वाजवू नये आणि मोठ्या साहेबांना बोलायला उभं करू नये.

कलम ७. साक्षीदार. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून एक साक्षीदार डॉक्टरीणबाई, आणि दुसरे जुने पायलट, कारण त्यांना मी फुटकी कुंडीही ठेवत नाही. त्यांना निरोप पाठवला आहे. आलेच, तर सही करण्याआधी त्यांनी हा सगळा कागद मोठ्याने वाचावा. घुम्याच्या बायकोला मी त्याच वेळी शेजारी बसायला बोलावलं आहे. तिला सही करायची नाही, नुसतं ऐकायचं आहे.

वर लिहिलेलं सगळं माझ्या अक्षरात आहे, माझ्या मनातलं आहे, आणि त्यातलं एक अक्षरही रागाच्या भरात लिहिलेलं नाही. राग जुना आहे, भर केव्हाच ओसरला.

ठिकाण : माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : ७ मे, सोमवार

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली : (सही) डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बुद्धी शाबूत आहे. राग येणं म्हणजे डोकं फिरणं नव्हे.

साक्षीदार दुसरा : (सही) निवृत्त पायलट. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वरील सर्व मजकूर मी बाई आणि घुम्याची बायको, दोघींसमोर मोठ्याने वाचला. माझ्याबद्दल लिहिलेलं खरं आहे. एक गोष्ट त्यात नाही, कारण त्या दिवशी बाई ऐकायला थांबल्या नाहीत. मागचीने पाठीवर दोन थापा मारल्या, त्या मला वरून दिसल्या होत्या. पुढचा माणूस लगेच वळला होता, खाली उतरायला पाऊलही टाकलं होतं. वारा माझ्या पात्यांचा होता. त्याने ऐकलं होतं.