श्वास रोखून पडायचं होतं

१४ जून

ती. ताईस,

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. फोनवर मी "साधा खोकला" म्हणालो, ते खोटं होतं. फुप्फुसात गाठ दिसली आहे. कॅन्सर आहे की नाही, हे तिचा तुकडा तपासल्यावरच कळेल.

परवा पाठीतून सुई घालून तो काढायला घेतला. श्वास रोखून, न बोलता पालथं पडायचं होतं. नर्सने धीर द्यायला खांद्यावर हात ठेवला आणि मी सवयीने "थँक्यू" म्हणालो! सुई गाठीवरून सरकली. डॉक्टर वैतागले, "अहो, आभार नंतर माना, आधी गप्प पडा!" तुकडा पुरेसा आला नाही, पुन्हा करायचं आहे. हस खुशाल, हे वळण तूच लावलंस.

फारसं दुखलं नाही. जेवण नीट आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तिला एवढ्यात सांगू नकोस.

खरं सलतंय ते वेगळंच. नर्सने विचारलं, "जवळचं कोण? कोणाला कळवायचं?" मी "कोणी नाही" म्हणालो. तुला त्रास नको म्हणून, की तुझ्या रडण्याला मीच घाबरलो, हे अजून ठरवता येत नाही. पण तू असताना मी तसं म्हणालो.

तुझा,
धाकटा

(माझ्या वहीत) उद्या करायचं: नर्सला ताईचा नंबर देणे.