लाल रंगाखाली

जावईबापू,

तुमचं हेल्मेट पोचलं. चिठ्ठीत लिहिलंत, "बाबा, तडा कुठे नाही. तुमच्या हातचा रंग लागला की नव्यासारखं होईल."

होईल. तीस वर्षं ठोकलेल्या गाड्या रंगवतोय, मार कुठे बसला होता ते मालकालाही सापडत नाही.

तुमच्या अपघाताच्या वर्षभर आधी ठकी एकटीच स्कूटरवरून घसरली होती. तुम्ही रागवाल म्हणून हेल्मेट घेऊन गुपचूप माझ्याकडे आली. "नवीन घेऊ का, बाबा?" मी बोटाने टकटक केलं, ओरखड्यांत पुट्टी भरली, वर लाल रंग मारला. म्हटलं, "बापाचं काम आहे, दहा वर्षं बघायला नको." पोर खूश होऊन गेली.

मग तुम्ही दोघं एकाच गाडीवरून पडलात. तुमचं हेल्मेट टिकलं, तिचं फुटलं. ती गेल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुम्ही विचारलंत, "तिचं चांगलं होतं ना हो, बाबा?" मी मान डोलावली.

एकदा मार खाल्लेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतून गेलेलं असतं. तुमचं आज सकाळी हातोड्याने फोडलं. खोक्यात नवीन ठेवतोय. हे पत्र सोबत ठेवायला हात धजत नाही. विचारलंत तर सांगेन, हल्ली माझ्या हातून रंग नीट बसत नाही.

ठकीचा बाप