चौकटीवरचा हात

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ, १९८४

आज कॉलेजातली एक मुलगी आली होती. हरवलेल्या मूकपटांवर काहीतरी लिहितेय. आमच्या नाटकाचाही मूकपट झाला होता, त्याची रिळं आता कुठेच नाहीत म्हणाली. बरंच झालं मेलं.

नाटकात नायिका मी होतो, तीन वर्षं. नवरा घर सोडून जातो तिथे माझं पद असायचं, दोनदा तरी वन्समोअर. पण पडद्यावर म्हणे खरी बाई हवी. तिला नऊवारीत चालायला शिकवलं कोणी? मीच. आणि तिने त्या जागी केलं काय, तर दाराच्या चौकटीवर हात टेकला आणि हळूच काढून घेतला. बस. सगळं थिएटर रडलं. मीही... पण ते कशाला लिहायचं.

मुलीने विचारलं, "आजोबा, ती बाई कशी होती हो?"

"ठीकठाक. गळा नव्हता तिला."

"मग तुम्ही करून दाखवा ना तो प्रसंग."

उठलो, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. सून भाजी चिरायची थांबली. मुलीने डोळे पुसले. मी खूश.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय, मी गायलोच नव्हतो. चौकटीवर हात टेकला होता, आणि हळूच काढून घेतला होता.