मडीचं स्वयंपाकघर

अण्णा,

कंटोन्मेंटमधला तो लाल कौलांचा बंगला आता पाडणार आहेत. मालकीण अक्का मुलाकडे, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. हे तुम्हाला कसं सांगावं याचा बराच विचार केला, पण मला स्वतःलाच काही वाटत नाहीये, म्हणून नुसतं सांगते.

तुम्ही इंग्रजांच्या बंगल्यांवर प्रबंध लिहीत होता तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. अक्षरं, आकडे, सगळं तुमच्याकडेच शिकले. त्या व्हरांड्यात मी टेपचं टोक भिंतीला धरून उभी आहे, तुम्ही पलीकडे. माझं टोक जरा सुटतं आणि मी म्हणते, साधारण बरोबर आहे. तुम्ही टेप गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागता. "साधारण म्हणजे खोटं," एवढंच म्हणालात. अजूनही मी कुलूप लावलं की नाही ते परत येऊन बघते.

मागचं स्वयंपाकघर मात्र अक्कांच्या मडीचं होतं. त्यांचं घराणं आपल्यासारखंच पिढ्यान्पिढ्या इथल्या कानडी मुलखातलं, त्यामुळे सोवळ्याला मडीच म्हणायच्या. परक्या पुरुषानं तिथं पाऊल टाकायचं नाही. मला आत बोलावून त्यांनी गूळखोबरं दिलं. साहेबाच्या वेळच्या पाव भाजायच्या भट्टीत चिंचेच्या बरण्या होत्या. तुम्ही अंगणातच. बाहेरून मोजलंत, भिंत इतर खोल्यांइतकीच जाड धरलीत आणि नकाशा पुरा केलात.

आता त्याच बंगल्यांवर माझा प्रबंध आहे. सामान बांधता बांधता अक्कांनी मला आत नेलं. आता कसली मडी, चपला घालूनच ये, म्हणाल्या. भट्टीकडची भिंत कितीतरी जाड निघाली. तुमच्या नकाशात भट्टीच नाही, आणि पुढे सगळ्यांनी तोच नकाशा छापला. मी दोन्ही बाजूंनी मोजलं. अक्का उंबऱ्यावर बसून हसत होत्या. "तुझे अण्णा फार मर्यादेचे गं. एकदा विचारलं असतं, तर स्वल्प बाजूला झाले नसते का मी?"

माझे मार्गदर्शक म्हणाले, राहू दे, घरच उरणार नाही तर तपासणार कोण. वर, बापाला छापून खोटं पाडणारी लेक पाहिली नव्हती, असंही म्हणाले. पण घर गेल्यावर तुमचा नकाशाच खरा ठरणार होता. काल तळटीप टाइप करून घेतली. आधीच्या नकाशातलं स्वयंपाकघर अंदाजानं काढलेलं आहे. पुढे तुमचं पूर्ण नाव. घरी येऊन जेवले, भांडी घासली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते ऐकायचा प्रयत्न केला. शब्द जुळवता आले, अण्णा, पण तुमचा आवाज आता मला आठवत नाही.