पावसाचं विचारलं नव्हतं

कोल्हापूर,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. आदूस,

आप्पांचा आशीर्वाद. आम्ही इकडं बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. कितपत बरे, ते पुढं कळेलच.

आप्पांचं हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तुझी आई शेजारी असते आणि मला तिच्या माघारी बोलायचं आहे. आज मार्केट यार्ड बंद. पेढीवर गुळाचे मुंगळे आणि मी, एवढेच आहोत.

आधी चांगली बातमी. तुझा बाप स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत पास झाला. विद्यापीठातनं, रीतसर. हस की.

तुझं लग्न झालं त्याच वर्षी नाव घातलं होतं. तुला कळू दिलं नाही, आणि आईलाही तंबी दिली होती. कारण सांगतो. मी कागलहून आलो तेव्हा या बाजारात गुळाच्या ढेपा उचलत होतो. गुजरातचे व्यापारी यायचे. भाव ठरवायच्या आधी आपसांत गुजरातीत कुजबुजायचे, आणि मी कोपऱ्यात ढेपांना फडकं गुंडाळत बसायचो. भाषा कानात उतरली, पण तोंडावर कधी दिसू दिली नाही. पुढं बेळगावच्या लोकांची कानडी तशीच शिकलो. ही पेढी त्या गप्प बसण्यावरच उभी राहिली.

तोच डाव जावयावर टाकायचा होता. स्पॅनिश बोलणारा परका माणूस. हसतोय गोड, पण पाठीमागनं आमच्या लेकीला काय बोलतोय, हे आपल्याला कळायला नको? इग्नासिओला घरात नाचो म्हणतात हे ऐकून तुझी आई पदर तोंडाला लावून हसली होती. मी हसलो नव्हतो.

वर्गात सगळी पोरंपोरी. मुरगूडची वर्षाराणी माझ्या बाकावर. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, ह्या वयात नोकरी बघताय व्हय?"

"न्हाय गं, जावयावर पाळत ठेवतोय."

"मग दोन वर्सं कशाला घालवताय? त्याला मराठी शिकवा की!"

तेव्हा हसलो. आता वाटतं, पोरीचं ऐकायला पाहिजे होतं.

शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडम म्हणायच्या, "काका, तुमचे कान विशीतले आहेत, जीभ तेवढी साठीची." खरं होतं. बोलताना अडखळायचो, पण ऐकलेलं सुटायचं नाही. दर रविवारी तुझा फोन आला की मी चहा पीत बसायचो आणि नाचो मागनं काय म्हणतोय ते टिपायचो. कधी म्हणायचा, तुझ्या बाबांनी गोळी घेतली का विचार. कधी म्हणायचा, आईंनी पाठवलेली चटणी संपली. दोन वर्षं पाळत ठेवली, पण पोरात खोट सापडली नाही. मला जरा वाईटच वाटलं म्हण.

मग जुलैतला तो रविवार.

तू फोन तोंडाशी धरून बसली होतीस. आधी पोट दाखवायचीस, तर आईनंच तुला दटावलं होतं, "झाकून ठेव ते, फोनवर कुणाची पण नजर लागतीया." त्यामुळं तू नुसतं तोंड दाखवतेस यात तिला वावगं वाटलं नाही. मला पण नाही. नाचो स्वयंपाकघरातनं बाहेर आला, तुझ्या मागं उभा राहिला आणि हळू म्हणाला, आज तरी त्यांना सांग. बाळ राहिलं नाही हे त्यांना कळायला पाहिजे. एकटीनं किती दिवस वाहशील? दीसेलो, आदिती. सांगून टाक त्यांना. दीसेलो.

तू हसलीस. म्हणालीस, "तो विचारतोय, तिकडं पाऊस आहे का?"

आणि तुझी आई फोनकडं वाकून ओरडली, "हाय म्हणावं! पंचगंगा पात्राबाहेर आलीया!"

मी कप खाली ठेवला. जे ऐकलं ते पक्कं ऐकलं होतं. माझ्या कानाला कधी दुसऱ्यांदा विचारावं लागलेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, कान चुकले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी पण गप्प. तू तिकडनं हसतेस, मी इकडनं हसतो, आणि मध्ये तुझी आई विचारतेय, बाळ लाथा मारतंय का. तू म्हणतेस, मारतंय. पोरी, तो शब्द तुझ्या तोंडातनं कसा निघतो, ते ऐकवत नाही.

परीक्षेचं सांगायचं राहिलं. तोंडीला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. समोर चित्र ठेवलं. संत्र्याच्या बागेत घरची माणसं जेवायला बसलीत, आजोबाच्या मांडीवर तान्हं मूल. वर्णन करा म्हणाल्या. मी सुरुवात केली, हा माणूस आजोबा आहे, त्याला आनंद झाला आहे. पुढं टेबल, पाव, झाडं, सगळं पाठ होतं. पण तोंडातनं निघालं, मी पण आजोबा होणार होतो. माझ्या मुलीचं बाळ गेलं. तिला वाटतं मला माहीत नाही. माझ्या बायकोला खरंच माहीत नाही. ती रोज दुपटी शिवते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाणी पुढं केलं. मी बोलतच राहिलो. घरात मराठीत जे एक अक्षर फुटत नव्हतं, ते त्या परक्या भाषेत न अडखळता आलं. तोंडीत मी वर्गात पहिला आलोय. वर्षाराणी पेढे घेऊन आली होती. तुझ्या आईनं पहिला पेढा देवापुढं ठेवला, तुझ्या सुखरूप बाळंतपणासाठी.

आता ऐक. दशलक्षण पर्वाचे उपास झाले की आई तिकडं यायला निघणार. तिकीट झालंय. डिंकाचे लाडू बांधायला काढलेत. विमानतळावर तुला बघून तिला कळावं, असं होऊ द्यायचं नाही. तू का लपवतेस ते मी जाणतो. आईला झेपणार नाही असं तुला वाटतं.

तुला माहीत नाही, आदू. तुझ्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. तो रडलाच नाही. तुझ्या आजीनं, सगळ्या बायकांनी तिला बजावलं, आता त्याचं नाव काढायचं नाही. तिनं काढलं नाही. इतक्या वर्षांत माझ्याजवळ सुद्धा नाही. मला वाटलं, विसरली.

परवा बॅग भरताना तिनं तळाशी एक जुनं दुपटं ठेवलं. इरकलीचं, हिरव्या काठाचं, न वापरलेलं. ते मी ओळखलं. तुलाही कधी त्यात गुंडाळलं नव्हतं. विचारलं, "हे बाळाला द्यायचं?"

"न्हाय," म्हणाली. "त्ये माझं हाय. मला संगं लागतंय."

आणि पुढची घडी घालायला लागली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

म्हणून सांगतो, तिला तू सांग. मी सांगू शकतो, पण माझ्याकडनं ती बातमी होईल. तुझ्याकडनं कळलं तर ती तुझ्याजवळ येईल. ती येऊ दे. लाडू घेऊनच येऊ दे, बाळंतीण तू आहेसच. अंग तुझंही झिजलंय, दूध तुलाही आलं असेल. हे आम्हा बापांना सुचत नाही, तिला सुचेल.

पाकीट नाचोच्या नावावर पाठवतोय. त्याच्यासाठी चार ओळी त्याच्या भाषेत लिहिल्यात. चुका असतील, पण मजकूर कळेल. लिहिलंय की दोन वर्षं मी तुमच्या घरात कान लावून बसलो आणि मला एक मुलगा ऐकू आला.

रविवारी फोन कर. मी शेजारीच बसलेला असेन. मला भाषा येत नाही असं आता धरू नकोस.

दीसेलो, आदू.

सगळं ऐकून गप्प बसलेला,
तुझा आप्पा