भिंत काळी होईपर्यंत

ता. २ नोव्हेंबर १९४४

आज पुन्हा शेपटी!

बोईट चांगलं हातभर होतं. मीच खवले काढले, मीच चिरलं, कालवणही मीच केलं — आणि वाढायला बसल्या वैनी. मधले तुकडे थोरल्या दिरांना आणि ह्यांना. डोकं मुलांना. शेवटी आम्ही दोघी जावा बसलो तेव्हा माझ्या पानात शेपटी पडली. वैनी स्वतः कालवणाच्या भांड्यातच भात कालवतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला काय येतं ते देव जाणे.

बारा वर्षं झाली मला या घरात. वैनींना दोन मुलगे आणि धाकटी शकू. मला कुणी नाही. जिला मूल नाही तिला शेपटी पुरते, असं असावं. ह्यांचा पगार थेट दिरांच्या हातात जातो. मला डोक्याला तेल हवं असलं तर वैनींपुढे वाटी घेऊन उभं राहायचं!

हे बोलायचं कुणाशी? हे भाताच्या गिरणीत काटा सांभाळतात. तिथल्या जुन्या चिठ्ठ्या मी मागून घेते, त्यांची मागची बाजू कोरी असते. चुलीला पेटवण हवं म्हणून सांगितलंय. लिहायला भावानं शिकवलं, तो मास्तर होता. तो गेला, माहेरही संपलं. राग तेवढा राहिला.

ता. ७ नोव्हेंबर

घासलेट संपलं. लढाई कुठं चाललीय आणि अंधार आमच्या पनवेलीत! आता ऊन असेपर्यंतच जेवून घ्यायचं, असा दिरांचा हुकूम. ते स्वतः मिठागरावरून उशिरा येतात, त्यांच्यासाठी दिवा लागतोच. उजेडाची काटकसर आम्हा बायकांनी करायची.

कंट्रोलच्या दुकानात तांदूळ निम्मा दिला आणि बाकीची बाजरी. आमच्या घरात बाजरीची भाकरी कुणाला येते? थापली की तव्यावर पोचेपर्यंत तुकडे. वैनी म्हणाल्या, "घोड्याची चंदी हाय ही. मानसानं खावाची नाय." मी पाणी उकळून त्यात पीठ भिजवलं, मूठभर तांदळाचं पीठ मिसळलं. भाकरी झाली. मुलांनी खाल्ली. कुणी बरं म्हटलं नाही!

ता. ९ नोव्हेंबर

शेजारची झुबेदा कुंपणाशी आली होती. तिच्या घरात तिघे भाऊ, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं. "घासलेट मानसावर नाय मिलत गे, कार्डावर मिलतं," म्हणाली. "चूल येगली दाखव, कार्ड येगलं. कंट्रोलचा साहेब येऊन बघतो तेवढा."

मी हे वैनींना सांगितलं. उगीच सांगितलं, असं आता वाटतं. त्यांनी लगेच दिरांना सांगितलं, जणू त्यांनाच सुचलं.

ता. १२ नोव्हेंबर

दीर हसत म्हणाले, "शिवाला येगला दाखवू. कागदावर! घर एकच."

ज्यांना वेगळं दाखवायचं ते हे, नुसते मान हलवत बसले. मोठ्या भावानं दिवसाला रात्र म्हटलं तरी हे अंथरूण घालतील.

मागच्या पडवीत वैनींनी स्वतः माती कालवून चूल घातली. सुरेख घातली, हात चांगला आहे त्यांचा. पण अशी नवी कोरी चूल बघून साहेब फसेल का? भिंत पांढरी, राख नाही, काजळी नाही. तेव्हा ठरलं — मी रोज तिथे खरोखर रांधायचं. भिंत काळी होईपर्यंत. आमच्या दोघांपुरतं.

खोटं दाखवायला खरा धूर हवा! मला हसूच आलं.

ता. १३ नोव्हेंबर

पहिल्यांदा स्वतःच्या चुलीवर रांधलं. वैनींनी तांदूळ मापून दिला, चार मिरच्या, मीठ, पळीभर तेल. सुका जवळा माझ्या मर्जीनं भाजला, तेलाशिवाय, वर कांदा. मुळ्याचा पाला परतला. हे जेवले आणि म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय."

बारा वर्षांत ह्यांनी माझ्या हातचं किती खाल्लं असेल! पण ते वाढायच्या वैनी, त्यामुळे चव त्यांची. आज चव माझी झाली.

मी त्यांच्या समोरच बसून जेवले. गरम भात. गरम भाताला वास असतो हे विसरलेच होते.

ता. २० नोव्हेंबर

आता मला कळलंय की शहाणपणानं केलं तर केवढं वाचतं. मोठ्या चुलीवर किती वाया जातं ते कुणी बघतच नाही. तिथं कालवण उरतं, सकाळी आंबतं, गटारात जातं. इथं काही जात नाही. नारळाचं दूध कालवणाला, चोथा चटणीला. कुळथाचं कढण एक वेळ, उरलेले कुळीथ दुसऱ्या वेळी कांदा घालून कोरडे. भाताची पेज निथळून ह्यांना सकाळी मिठाबरोबर. तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून डब्यात टाकते. भात तेवढाच दिसतो, पाणी थोडं जास्त.

कशाला साठवते? अजून लिहीत नाही.

ता. २४ नोव्हेंबर

शकू पळत येऊन माझ्या चुलीशी बसली. "काकी, तुज्या भाताला वास छान येतो." मी भरवला. मांडीवर बसूनच जेवली. एवढीशी आहे, पण तिच्या वजनानं मांडी सुन्न झाली तरी उठवेना.

वैनी आल्या आणि दंडाला धरून घेऊन गेल्या. "साहेब आला मंजे? येगली चूल हाय, मंग पोर हितं कशी?" साहेब काय रोज येऊन उभा आहे? जाताना म्हणाल्या, "तिला लला लावू नको सत्या."

लळा लावू नको! वाढवली कुणी तिला? ह्या तापानं पडल्या होत्या तेव्हा शकूला छातीशी घेऊन मी फिरले. आता लळा नको म्हणे. माझ्या अंगाची लाही लाही झाली. रात्रीचं काही जेवले नाही. तेवढाच तांदूळ डब्यात.

ता. ३ डिसेंबर

आता लिहितेच. खरंच वेगळं व्हायचं!

झुबेदाचा दीर अब्दुल्ला, त्याची तळ्याच्या बाजूला एक खोली रिकामी आहे. झुबेदानं शब्द टाकलाय. ह्यांचा पगार आमच्या घरात आला तर भाडं निघेल. पण पगार महिना भरल्यावर मिळतो. मधला पहिला महिना काय खायचं? म्हणून तो डबा. डबा भरला की ह्यांना सांगायचं. उपाशी मरायची भीती घालतील, तेव्हा झाकण उघडून दाखवायचं.

ता. ११ डिसेंबर

भिंत करडी झालीय. काळी व्हायला वेळ आहे. मी ओली लाकडं घालते, धूर जास्त होतो. डोळ्यांतून पाणी थांबत नाही. झुबेदा विचारते, "रडतेस का गे?" म्हटलं, सरकारी काम करतेय.

ता. १९ डिसेंबर

हे हल्ली पुढच्या चुलीवर जेवून येतात. आज माझ्यापुढे दोन घास खाऊन हात धुतला. "दादूस बस म्हनला, बसलो." भावाच्या पानाशेजारी बसल्याशिवाय घास उतरत नाही! उरलेला भात सकाळी पेज करून मीच खाल्ला.

रविवारी दोघे भाऊ नेरे गावाला गेले होते, पेंढा बघायला. पेंढा काही आणला नाही. महाग होता म्हणे.

ता. २८ डिसेंबर

वैनी साखर साठवताहेत. मुलांना गुळाचा चहा, पाहुण्यांना गुळाचा चहा. कंट्रोलची साखर आली की थेट पेटीत, वर कुलूप. "सनाला लागंल." कुठला सण? संक्रांत तिळगुळाची, तिला तर गूळच लागतो! विचारलं तर म्हणाल्या, "सगलं तुला सांगून करावाचं काय?"

ता. ९ जानेवारी १९४५

साहेब आला!

काय सांगू! दीर आणि हे दोघेही घरी नव्हते, पुन्हा नेऱ्याला. साहेब सरळ मागच्या पडवीत. चष्मा, हातात छत्री, उन्हातसुद्धा. चुलीत वाकून बघितलं. भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं. मी म्हटलं, झालं! पण काजळी खरी होती, माझ्या डोळ्यांच्या पाण्याची.

"एका घरात राहता आणि वेगळ्या का झालात?" त्यानं विचारलं.

वैनींनी पदर खोचला. "हिचं आनि माजं पटत नाय साहेब! पानीसुदिक चालत नाय आमच्यात!" आणि सुरू झाल्या. आधीच ठरलं होतं त्यांचं, साहेबासमोर भांडायचं. "आलशी हाय. तेल सांडते. चोरून खाते."

चोरून खाते! माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी उठले. म्हटलं, खाते? शेपटी खाते मी! बारा वर्षं शेपटी! मधला तुकडा कसा लागतो ते एकदा सांगा. नवऱ्याचा पगार तुमच्या पेटीत आणि तेलाला वाटी घेऊन मी उभी. पोर आजारी पडली की काकीची, बरी झाली की तुमची! — असं कितीतरी बोलले. साहेब छत्री धरून नुसता बघत होता.

वैनींचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "आनि तू काय दिलंस या घराला? बारा वर्सं खाल्लंस, काय दिलंस?"

ते साहेबासाठी नव्हतं. मला कळलं, त्यांनाही कळलं.

साहेब म्हणाला, "पुरे, पुरे. पटलं मला." सही करून गेला. झुबेदा कुंपणापलीकडे पोट धरून हसत होती, तिला वाटलं आम्ही काय झकास सोंग केलं.

ता. १० जानेवारी

वैनी बोलत नाहीत. मीही नाही.

ता. १६ जानेवारी

दुसऱ्या कार्डावर घासलेट मिळालं. बाटली मीच रांगेत उभं राहून आणली. दिवा पुढच्या खोलीत लागला. मागच्या पडवीत अंधारच.

आता भिंत काळी झाली, काम झालं, तर चूल मोडतील असं वाटलं होतं. पण वैनी शकूकडून निरोप पाठवतात, "ऱ्हाऊ दे म्हनावं. तिनं तितंच रांधावं." तांदूळही मापून येतोय, थोडा जास्तच. भांडणाची लाज वाटली असेल. वाटू दे!

ता. ३० जानेवारी

डबा भरला.

ह्यांना पुढच्या खोलीतून हाक मारून आणलं. पाट मांडून बसवलं आणि सांगून टाकलं. म्हटलं, खोटं खोटं वेगळे झालो, आता खरं होऊ या. तळ्याजवळ खोली आहे. पगार घरी आणा. पहिला महिनाभर मी तुम्हाला उपाशी ठेवणार नाही. वैनींच्या शिव्या नकोत, दिरांचा हुकूम नको. दोघंच राहू.

मला वाटलं चिडतील. दादूस काय म्हनंल, असं म्हणतील. म्हणाले, "बरं."

एवढंच! बरं! मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. डोळे वर केले नाहीत, पण 'नाही' म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "किती साठलाय तांदूल?" मी झाकण उघडून दाखवलं. डब्यात हात घालून ह्यांनी दाणे वर-खाली केले, गिरणीत करतात तसे. "लय केलास," म्हणाले.

बारा वर्षांत पहिल्यांदा मी ह्या माणसाला ऐकवलं आणि ह्यानं ऐकलं. आज मला कुणाचाही राग नाही. वैनींचासुद्धा नाही.

ता. ४ फेब्रुवारी

खोलीत पहिल्या दिवशी काय करायचं ते ठरवतेय. तांदळाची खीर, गुळाची. दूध थोडं, नारळाचं घालून वाढवता येईल. दुसऱ्या दिवसापासून काटकसर. आठवड्यातून एकदा मासळी, खाडीवरून थेट, बाजारात जायचंच नाही. बोईट आणलं तर मधला तुकडा ह्यांना आणि मधलाच मला. दोघांतच वाटायचं तर शेपटी मांजराला!

शकूला बोलवायचं रविवारी. तेव्हा वैनी कुठला साहेब आणतात बघू.

हे दोन दिवस घरी नाहीत. दिरांबरोबर.

ता. ८ फेब्रुवारी

झुबेदाला म्हटलं, अब्दुल्लाला सांग, महिन्याअखेरीस येतो. ती माझा हात धरून उभी राहिली. मग तिची म्हैस ओरडली म्हणून गेली.

ता. १२ फेब्रुवारी

वैनी मागच्या पडवीत आल्या. इतक्या दिवसांनी बोलल्या. "शिवाभावजी म्हनले तुज्याकडं डबा भरून तांदूल हाय. दे. पानं लय हायेत, कंट्रोलवर पुरनार नाय."

म्हटलं, कसली पानं?

त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, शिवाभावजींचं लगीन. नेऱ्याची पोर. सोमवारी हळद. "तू हाय तितंच ऱ्हा. कार्ड हाय, चूल हाय. तुला कोन उठ म्हननार नाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं की धुराचं ते कळलं नाही.

मी विचारलं, "किती पायली लागंल?"